योझेफ योआखिम : चौघांतील एक

आपल्या ज्ञातीच्या या वार्षिक स्मरणिकेत कोणा तरी थोर पुरुषाचे चरित्र द्यावयाचे, हा प्रघात वाचकांच्या परिचयाचा आहे. या वर्षी ती कामगिरी संपादक मंडळाने आमच्याकडे सोपविली. आम्ही सुचविलेले नाव ऐकून मंडळातील दोघातिघांच्या कपाळावर आठ्या पडल्या. परदेशचा एक व्हायोलिनवादक, त्याला जाऊन शंभरावर वर्षे लोटलेली. त्याचा आपल्याशी काय संबंध? संबंध काही नाही, हे आम्ही प्रथमच कबूल करतो. परंतु जन्माने लाभलेली ज्ञाती सोडून गेल्यावरही तिचे ऋण मानावे की न मानावे, हा प्रश्न ज्याच्यापुढे ऐन भरभराटीच्या काळात उभा राहिला आणि ज्याने त्याचे उत्तर नोकरी पणाला लावून दिले, अशा माणसाची हकीकत ज्ञातिबांधवांनी वाचावी असे आम्हांस वाटले. शिवाय ज्या कामात त्याने उभी हयात घालविली ते कामही विचार करण्याजोगे आहे. म्हणून हा प्रपंच.

व्हायोलिन हे वाद्य आता आपल्याला परके राहिलेले नाही. गजाननबुवा जोशी यांच्या व्हायोलिनची आठवण सांगणारी वडीलधारी मंडळी आपल्यात आहेत. परंतु आपल्याकडे ते एक तर एकटे वाजते, नाही तर गवयाच्या मागोमाग जाते. युरोपात त्याचा आणखी एक उपयोग आहे. दोन व्हायोलिने, त्यांच्याहून थोडा मोठा आणि खर्जाकडे झुकणारा व्हिओला, आणि गुडघ्यांत धरून वाजविण्याचा चेलो, अशी चार वाद्ये घेऊन चौघे जण समोरासमोर बसतात. त्यास तिकडे क्वार्टेट म्हणतात. चौकडी म्हणावे, तर आपल्या भाषेत त्या शब्दाला वाईट वास येतो. म्हणून आम्ही परका शब्दच ठेवतो. हायडन या संगीतकाराने अठराव्या शतकात या प्रकाराला घाट दिला. पुढे मोझार्ट, बीथोव्हन, शूबर्ट यांनी आपले अंतरंगातील संगीत त्यात ओतले. चौघांचे स्वर लिहिलेले असतात, पण ते निरनिराळे असतात. ताल धरावयास तबला नाही, समोर छडी घेऊन उभा राहणारा सूत्रधार नाही. व्हायोलिनला पडदे नसतात, त्यामुळे बोट केसभर सरकले तरी चौघांचा मेळ बिघडतो. पहिला व्हायोलिनवादक श्वास घेतो, गज किंचित उचलतो आणि त्या इशाऱ्यावर चौघे एका क्षणी सुरू करतात. गज कोठे खाली ओढावयाचा, कोठे वर न्यावयाचा, कोणता स्वर केव्हा पुढे यावयाचा आणि केव्हा मागे राहावयाचा, हे सर्व तालमीत ठरते. त्या तालमींना अंत नसतो.

आमच्या नोकरीच्या काळात एका शाळेच्या स्नेहसंमेलनात चार शिक्षकांनी मिळून नांदी बसविली होती. पेटी आमच्याकडे होती. ती आम्ही इतक्या हौसेने वाजविली की बिचारे बासरीवाले गुरुजी वाजवीत आहेत की नुसते फुंकीत आहेत, हे श्रोत्यांस कळले नाही. दुसऱ्याला ऐकत वाजविणे किती अवघड आहे ते आम्हांस त्या दिवशी समजले. योआखिम यांनी हेच काम आयुष्यभर केले, आणि तेही एकट्याच्या बळावर युरोप गाजवून झाल्यावर. असो.

योझेफ योआखिम यांचा जन्म २८ जून १८३१ रोजी किटझे या खेड्यात झाला. हे गाव त्या काळी हंगेरीत होते, आज ते ऑस्ट्रियात आहे. घराणे ज्यू, वडिलांचा लोकरीचा व्यापार, आठ भावंडांत हा सातवा. तो दोन वर्षांचा असताना कुटुंब पेस्ट शहरी आले. तेथील ऑपेरातील प्रमुख वादक सेर्वाचिन्स्की यांच्यापाशी शिक्षण सुरू झाले. १७ मार्च १८३९ रोजी, वयाच्या आठव्या वर्षी, हा मुलगा गुरूच्या जोडीने प्रथमच लोकांपुढे वाजविता झाला.

पुढे त्याला व्हिएन्ना येथे पाठविण्यात आले. तेथे गेओर्ग हेल्मेसबर्गर या नामांकित शिक्षकाने काही महिन्यांनंतर असा निर्वाळा दिला की मुलाचा गजाचा हात ताठ आहे, याच्या हातून काही व्हावयाचे नाही. आई-वडील मुलाला घरी परत नेण्याच्या विचारात होते. त्याच सुमारास एर्न्स्ट हे प्रख्यात वादक शहरात आले होते. त्यांनी मुलाला योझेफ ब्योम यांच्याकडे नेण्यास सांगितले. आम्ही पस्तीस वर्षे वर्गात काढली. एका शिक्षकाने निकालात काढलेला मुलगा दुसऱ्याच्या हाताखाली कसा फुलतो, हे आम्हीही पाहिले आहे. काही वेळा निकालात काढणारे शिक्षक आम्हीच होतो, हेही सांगून टाकतो.

ब्योम यांनी मुलाला आपल्या घरी ठेवून घेतले. हे ब्योम म्हणजे सामान्य गृहस्थ नव्हेत. १८२५ साली बीथोव्हनचे एक नवे क्वार्टेट पहिल्या प्रयोगात साफ पडले, तेव्हा बीथोव्हनने ते ब्योम यांच्या स्वाधीन केले. तालमीस बीथोव्हन स्वतः बसत असे. त्याचे कान पुरते गेले होते; तो वादकांच्या गजांवर नजर खिळवून बसे आणि गजाच्या चालीवरून लय कोठे चुकली ते ओळखी. अशा तालमीतून गेलेला माणूस योझेफचा गुरू झाला. आपल्याकडे घराण्याची परंपरा सांगतात. तशीच ही परंपरा. बीथोव्हनच्या समोर बसून जे शिकावयास मिळाले, ते एका माणसाच्या अंतराने या मुलास मिळाले. क्वार्टेटचे वेडही त्याला याच घरात लागले.

१८४३ साली तो लाइपझिग येथे आला. तेथे त्याची चुलत बहीण फॅनी विट्गेनश्टाइन राहत असे. सुप्रसिद्ध तत्त्वज्ञ लुडविग विट्गेनश्टाइन यांची ती आजी. शहरात नवे संगीत विद्यालय निघाले होते आणि त्याचा आधारस्तंभ होता फेलिक्स मेंडेल्सझोन. मेंडेल्सझोनने मुलाची परीक्षा घेतली आणि याला विद्यालयाची गरज नाही असे ठरविले. व्हायोलिन फर्डिनांड डाव्हिड यांच्यापाशी शिकावे, इतर शालेय विषय खाजगी शिक्षकाकडून घ्यावेत, आणि आपण स्वतः त्याच्याबरोबर वाजवीत जाऊ, अशी व्यवस्था त्याने केली. नुसत्या बोटांच्या कसरतीवर मुलाला मोठा करावयाचा नाही, त्याने लिहावे-वाचावे, ही त्याची दृष्टी होती.

२७ मे १८४४ रोजी लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीत, मेंडेल्सझोनच्या नेतृत्वाखाली, तेरावे वर्षही पुरे न झालेल्या या मुलाने बीथोव्हनचा व्हायोलिन कंचेर्तो वाजविला. लहान मुलांना रंगमंचावर आणावयाचे नाही असा त्या संस्थेचा नियम होता. तो त्या रात्रीपुरता बाजूस ठेवण्यात आला. हा कंचेर्तो तोपर्यंत क्वचितच ऐकावयास मिळे. त्या रात्रीनंतर त्याचे दिवस पालटले, असे इतिहासकार मानतात. १८४७ साली मेंडेल्सझोन अवघ्या अडतिसाव्या वर्षी वारला, आणि सोळा वर्षांचा योझेफ दुसऱ्यांदा पोरका झाल्यासारखा झाला.

मधल्या वर्षांचा पाढा आम्ही वाचीत नाही. १८५० पासून वायमार येथे फ्रान्झ लिस्टच्या ऑर्केस्ट्रात ते प्रमुख वादक होते. परंतु लिस्टचे भडक संगीत त्यांना मानवेना; पुढे त्यांनी तसे पत्राने स्पष्ट कळविले आणि स्नेह तोडला. त्यांचा स्वभाव याबाबतीत एकमार्गी होता. लिस्ट आणि वाग्नर यांच्या नव्या वाटेत काही ग्राह्य असेल हे त्यांनी अखेरपर्यंत मान्य केले नाही, आणि हा त्यांचा दोषच म्हटला पाहिजे. १८५३ च्या आरंभी ते हानोव्हरच्या राजदरबारी रुजू झाले. त्याच वर्षी वीस वर्षांचा एक अनोळखी पियानोवादक त्यांना भेटला. त्याचे नाव योहानेस ब्राम्स. योआखिम यांनीच त्याला शुमान दांपत्याच्या दारी धाडले. या मैत्रीविषयी पुढे सांगावयाचे आहे. येथे एकच गंमत सांगतो. १८५६ च्या सुमारास या दोघांनी असे ठरविले की दर आठवड्याला एकमेकांस संगीतरचनेचे अभ्यासपाठ टपालाने पाठवावयाचे, तपासावयाचे, आणि जो पाठ चुकवील त्याने दंड भरावा. दंडाच्या रकमेची दुसऱ्याने पुस्तके घ्यावीत. एक राजाचा वादक, दुसरा पुढे जगप्रसिद्ध झालेला संगीतकार. आणि दोघे शाळकरी मुलांप्रमाणे वह्या तपासताहेत! दंड बहुधा योआखिम यांनाच भरावा लागे.

आता हानोव्हरच्या त्या प्रकरणाकडे वळतो. १८५५ साली योआखिम यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. दीक्षेच्या वेळी खुद्द राजा आणि राणी त्यांचे धर्मपालक म्हणून उभे होते. राजा पाचवा जॉर्ज हा अंध होता, संगीताचा षोकी होता आणि योआखिम यांच्यावर त्याचा लोभ होता. त्या काळी जर्मन मुलखात ज्यू माणसापुढे कित्येक दारे बंद असत आणि दीक्षेने ती उघडत. योआखिम यांनी हे पाऊल श्रद्धेने टाकले की सोयीने, याचा निवाडा आम्ही करीत नाही. माणसाच्या मनातील गाठ दुसऱ्याने सोडवू नये.

त्यांच्या ऑर्केस्ट्रात याकोब ग्र्यून नावाचा एक तरुण, गुणी व्हायोलिनवादक होता. योआखिम यांनी त्याची दरबारी वादकांतील वरच्या, कायम हुद्द्यासाठी शिफारस केली. शिफारस फेटाळण्यात आली. कारण ग्र्यूनचे वादन नव्हे. तो ज्यू होता, एवढेच. हे १८६४ साल. योआखिम यांचे त्या वेळी सर्व काही सुरळीत चालले होते. वर्षभरापूर्वी लग्न झालेले, घरी पहिले मूल, राजाची मर्जी, मोठा पगार. गप्प बसते तर त्यांना कोणी बोल लावला नसता. त्यांच्या दप्तरी तर ते ज्यू राहिलेच नव्हते. त्यांनी राजीनामा दिला. कारणही लेखी कळविले. त्याचा आशय असा की आपण येथे राहिलो, तर धर्म बदलल्याने आपल्याला मान मिळाला आणि आपल्या जन्मबांधवाच्या वाट्याला मात्र अपमान आला, हा सल आपल्याला जन्मभर राहील.

ज्ञातीतून बाहेर पडून मोठ्या झालेल्या माणसाने ज्ञातीची आठवण ठेवावी, अशी भाषणे आम्ही समारंभांतून पुष्कळ ऐकली आहेत. देणगीची पावती फाटते आणि आठवण संपते. योआखिम यांनी देणगी दिली नाही. ज्या खुर्चीवर आपण बसलो आहोत, ती आपल्याला कशामुळे मिळाली हे त्यांनी स्वतःला विचारले. ग्र्यून यांचे पुढे उत्तम झाले, हेही नमूद करावयास हवे. १८६८ पासून ते व्हिएन्नाच्या राजकीय ऑपेरात प्रमुख वादक झाले आणि तेथील विद्यालयात त्यांनी अनेक शिष्य तयार केले. हानोव्हरचे म्हणाल, तर १८६६ साली प्रशियाने ते राज्यच खालसा केले आणि तो दरबारही उरला नाही.

१८६८ साली योआखिम बर्लिनला आले. दुसऱ्याच वर्षी तेथे सरकारी संगीत विद्यालय स्थापन झाले आणि त्याचे संचालकपद त्यांच्याकडे आले. ते मरेपर्यंत त्यांच्याकडे होते. त्याच १८६९ साली त्यांनी आपले क्वार्टेट उभे केले. आरंभी दुसरे व्हायोलिन शीव्हर, व्हिओला दे आना आणि चेलो विल्हेल्म म्यूलर यांच्याकडे होता. हे दे आना काही वर्षे ऑस्ट्रियाच्या लष्करात अधिकारी होते. तलवार ठेवून त्यांनी पुन्हा गज हाती घेतला होता. थोड्याच वर्षांत ते दुसऱ्या व्हायोलिनकडे आले आणि १८९२ साली निवर्तले तोवर त्या जागेवर राहिले. त्यांच्यानंतर क्रूझे आणि १८९७ पासून कारेल हालिर आले. व्हिओलावर १८७७ पासून एमानुएल विर्ट आणि चेलोवर १८७९ पासून रोबर्ट हाउसमान. पाव शतकाहून अधिक काळ हे तिघे एकमेकांसमोर बसत होते. एवढा काळ पुष्कळ संसारही टिकत नाहीत, आणि योआखिम यांचाही टिकला नाही. ते पुढे येईलच.

बर्लिनच्या झिंगआकाडेमी या सभागृहात दर हिवाळ्यात त्यांच्या मैफली होत. कार्यक्रमात हायडन, मोझार्ट, बीथोव्हन हे तिघे मुख्य. जोडीला शूबर्ट, मेंडेल्सझोन, शुमान आणि ब्राम्स. बीथोव्हनने अखेरच्या वर्षांत लिहिलेली पाच क्वार्टेटे त्या वेळेपर्यंत दुर्बोध मानली जात. बहिऱ्या माणसाचा भ्रम, असेही काही जण म्हणत. योआखिम आणि त्यांचे सोबती ती वर्षानुवर्षे वाजवीत राहिले. श्रोत्यांना एकदा कळले नाही तर पुढल्या हिवाळ्यात पुन्हा. कठीण धडा वर्गास समजत नाही म्हणून सोडून द्यावयाचा नसतो, तो पुन्हा घ्यावयाचा असतो. त्यांच्या हयातीतच ही क्वार्टेटे या कलेचा कळस म्हणून मान्यता पावली. त्यात या चौघांचा वाटा फार मोठा आहे.

आता एक शंका आमच्या मनात येते, ती लपवीत नाही. क्वार्टेटमध्ये चौघे बरोबरीचे असावेत. येथे तर योआखिम विद्यालयाचे संचालक, आणि बाकीचे तिघे तेथेच शिक्षक, म्हणजे त्यांच्या हाताखालचे. कीर्तीतही त्यांच्या जवळपास कोणी नाही. मुख्याध्यापकासमोर शिक्षक किती मोकळेपणाने बोलतात ते आम्हांस ठाऊक आहे. तेव्हा मेळ योआखिम यांच्या मताने चाले, हे उघड आहे. परंतु हेही खरे की टाळ्या मिळविण्याचे सोपे साधन त्यांच्या हाती असताना ते त्यांनी बाजूस ठेवले. एकट्याने मोठ्या ऑर्केस्ट्रासमोर उभे राहून बीथोव्हनचा कंचेर्तो वाजविला की सभागृह डोक्यावर घेतले जाई. क्वार्टेटमध्ये अर्धा वेळ मुख्य धून चेलोकडे किंवा व्हिओलाकडे असते आणि पहिल्या व्हायोलिनने तिच्याखाली नुसती साथ धरावयाची असते. ती त्यांनी धरली.

लंडनमध्ये त्यांचे दुसरे घर होते म्हणावयास हरकत नाही. १८५९ साली तेथील सेंट जेम्सेस हॉलमध्ये सोमवारच्या लोकप्रिय मैफली सुरू झाल्या. एका शिलिंगात सामान्य माणसाला उत्तम क्वार्टेट ऐकावयास मिळावे, अशी त्यांची आखणी होती. योआखिम अनेक वर्षे हिवाळ्याच्या अखेरीस बर्लिनचे वर्ग आवरून आगगाडी आणि बोट करीत इंग्लंडात येत. तेथे सोबती निराळे: दुसऱ्या व्हायोलिनवर लुई रीस आणि चेलोवर इटालियन आल्फ्रेदो पियात्ती. दोन देशांत दोन मेळ सांभाळावयाचे म्हणजे तेच क्वार्टेट निराळ्या हातांशी नव्याने जुळवावयाचे. पियात्तीही १८४४ सालीच लंडनमध्ये प्रथम वाजविते झाले होते. म्हणून १८९४ साली लंडनकरांनी दोघांची पन्नाशी एकत्र साजरी केली. केंब्रिज विद्यापीठाने १८७७ साली योआखिम यांना सन्माननीय पदवी दिली. तीच पदवी ब्राम्सलाही देऊ केली होती. समुद्र ओलांडावयाची त्याची तयारी नव्हती, म्हणून ती राहिली.

ब्राम्सच्या नावाने आम्ही त्या मैत्रीपाशी परत आलो. ब्राम्स काही नवे लिही, ते आधी योआखिम यांच्याकडे येई. १८६० साली हानोव्हर येथे सहा तंतुवाद्यांची त्याची पहिली रचना योआखिम यांनी प्रथम वाजविली. १८६२ साली त्याने पाच तंतुवाद्यांसाठी एक रचना धाडली. योआखिम यांनी ती वाजवून पाहिली आणि ती वादकांना जड जाते, तीत गोडवा उतरत नाही, असे निर्भीडपणे कळविले. ब्राम्सने ती मोडली, दोन पियानोंसाठी बांधली, तीही मोडली, आणि अखेर पियानो व चार तंतुवाद्ये असा तिला आकार दिला. आज ती त्याच्या श्रेष्ठ कृतींत गणली जाते. खरे सांगणारा मित्र आणि ते ऐकून घेणारा मित्र, दोघे एका ठिकाणी क्वचित सापडतात. १८७३ आणि १८७६ साली ब्राम्सची दोन क्वार्टेटे बर्लिनमध्ये प्रथम याच चौघांनी वाजविली.

१८६३ साली योआखिम यांनी आमालिए या गायिकेशी विवाह केला होता. आवाज दुर्मीळ, खर्जातला. परंतु लग्नानंतर तिने ऑपेराचा रंगमंच सोडावा, हा पतीचा आग्रह होता आणि तिने तो मानला. मैफलींतून ती गात राहिली. त्यांच्या पहिल्या मुलाचे नाव ब्राम्सच्या नावावरून योहानेस ठेवले आणि ब्राम्सने त्याच्यासाठी एक अंगाईगीत रचले. आईने गावे, वडिलांनी व्हिओला वाजवावा आणि तिसऱ्याने पियानो धरावा, अशी त्याची योजना होती. सहा मुले झाली. पुढे योआखिम यांच्या मनात संशयाने घर केले. झिमरॉक या प्रकाशकाशी पत्नीचे नाव त्यांनी जोडले. हे झिमरॉक ब्राम्सचेही प्रकाशक. १८८० साली ब्राम्सने आमालिएला लांब पत्र लिहून ती निर्दोष आहे असा निःसंदिग्ध विश्वास व्यक्त केला आणि मित्राच्या संशयी स्वभावावर बोट ठेवले. प्रकरण कोर्टात गेले तेव्हा ते पत्र पुढे आले. निकाल पत्नीच्या बाजूने लागला. १८८४ साली घटस्फोट झाला. आम्हांसही ती निर्दोष होती असेच वाटते. जो माणूस परक्यावरील अन्याय पाहून नोकरी सोडतो, तोच घरात असा अन्याय करतो, हे लिहिताना हात अडखळतो. पण चरित्र लिहावयाचे तर हे गाळून कसे चालेल?

योआखिम यांनी ब्राम्सशी बोलणे सोडले. तीस वर्षांचा स्नेह तुटला. परंतु येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की ब्राम्सचे संगीत त्यांनी सोडले नाही. मित्राशी अबोला होता तरी त्याच्या रचना त्यांच्या कार्यक्रमात येतच राहिल्या, आणि त्याच निष्ठेने वाजविल्या गेल्या. आपल्याकडे भाऊबंदकीत पंगतीतले पानही वेगळे मांडले जाते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या गोष्टीचे मोल कळेल.

तीन वर्षांनी ब्राम्सने समेटाचा हात पुढे केला, तोही संगीतातून. व्हायोलिन आणि चेलो अशा दोन वाद्यांचा कंचेर्तो त्याने लिहिला. व्हायोलिन योआखिम यांच्यासाठी आणि चेलो त्यांच्याच क्वार्टेटमधील हाउसमान यांच्यासाठी. दोन वाद्ये एकमेकांशी बोलतात, अडतात, पुन्हा एकत्र येतात. १८८७ च्या सप्टेंबरात बाडेन-बाडेन येथे वृद्ध क्लारा शुमान यांच्या देखत त्याची तालीम झाली आणि १८ ऑक्टोबर रोजी कोलोन येथे पहिला प्रयोग. दोघे पुन्हा बोलू लागले. पहिला मोकळेपणा परत आला नाही म्हणतात. तो तसा येतही नाही.

१२ डिसेंबर १८९१ रोजी बर्लिनच्या सभागृहात या क्वार्टेटने एक वेगळी गोष्ट केली. त्यांच्या मैफलीत तंतुवाद्यांखेरीज दुसऱ्या वाद्याला सहसा प्रवेश नसे. त्या दिवशी रिचर्ड म्यूलफेल्ड हे क्लॅरिनेटवादक त्यांच्यात बसले आणि ब्राम्सचे क्लॅरिनेट क्विंटेट लोकांपुढे प्रथमच वाजले. चौघांनी पाचव्याला जागा करून दिली ती कोणासाठी, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. १८९७ च्या एप्रिलात ब्राम्स वारला.

बीथोव्हनचे बॉन येथील जन्मघर पाडले जाणार अशी वेळ आली, तेव्हा १८८९ साली तेथील बारा नागरिकांनी संस्था काढून ते विकत घेतले. योआखिम त्या संस्थेचे सन्माननीय अध्यक्ष झाले. १८९० पासून तेथे चेंबर संगीताचे उत्सव भरू लागले आणि हे चौघे तेथे जाऊन वाजवू लागले. ज्या घरात बीथोव्हन जन्मला ते आज उभे आहे, यात या क्वार्टेटच्या गजांचाही हातभार आहे.

त्यांच्या शिष्यांची मोजदाद आम्ही करीत नाही. लेओपोल्ड आउअर आणि येनो हुबाय ही नावे जाणकारांस माहीत असतील. मारी झोल्डाट या शिष्येचा उल्लेख मात्र करतो. स्त्रीने क्वार्टेट चालवावे ही कल्पनाच ज्या काळी लोकांस चमत्कारिक वाटे, त्या काळी तिने केवळ स्त्रियांचे क्वार्टेट स्थापले आणि ते नावारूपास आणले.

१९०३ साली ध्वनिमुद्रण करणारी मंडळी योआखिम यांच्याकडे आली. वय बहात्तर, बोटे संधिवाताने आखडलेली. पाच तबकड्या निघाल्या: बाखचे दोन तुकडे, ब्राम्सची दोन हंगेरियन नृत्ये आणि स्वतःची एक रचना. त्या आज कोणासही ऐकावयास मिळतात. आम्हीही नातवाकडून मोबाइलवर ऐकल्या. खरखर फार आहे, पण स्वर सरळ, स्वच्छ. आजचे वादक बोट हलवून स्वराला सतत कंप देतात तसा येथे जवळजवळ नाही. क्वार्टेटची मात्र एकही तबकडी निघाली नाही. अडतीस वर्षे चौघांनी जे काम केले, त्याचा एक स्वरही शिल्लक नाही.

१५ ऑगस्ट १९०७ रोजी बर्लिन येथे योआखिम कालवश झाले आणि त्यांच्याबरोबर त्यांचे क्वार्टेटही संपले.

अखेरच्या दिवसांत विर्ट आजारी असत, तेव्हा व्हिओलाच्या जागी कार्ल क्लिंगलर हा तरुण शिष्य बसे. त्या क्वार्टेटमध्ये प्रत्यक्ष वाजविलेल्यांपैकी तो सर्वांत मागे राहिला. त्याने १९०५ सालीच स्वतःचे क्वार्टेट काढले होते आणि गुरूची पद्धत त्यात जपली होती. त्याच्या तबकड्या उपलब्ध आहेत, आणि जुन्या चौघांचा नाद कसा असेल याचा थोडाफार अंदाज त्यांवरून बांधता येतो. नाझी राजवटीत त्याला सांगण्यात आले की तुमचा चेलोवादक एर्न्स्ट झिल्बरश्टाइन ज्यू आहे, त्याला काढा आणि दुसरा घ्या. क्लिंगलरने त्याला काढले नाही. १९३६ साली ते क्वार्टेट बंद पडले. झिल्बरश्टाइन पुढे अमेरिकेत गेले आणि क्लीव्हलंडच्या ऑर्केस्ट्रात प्रमुख चेलोवादक झाले. क्लिंगलर १९७१ साली वारले.